आवाज फुटतो त्या पानावर

आवाज फुटण्याचा प्रसंग वाचकाला टाळता यावा की नाही, यावरून आमच्यात पहिलं मोठं भांडण झालं. गोष्टीचा नायक तेरा-चौदा वर्षांचा. नाटक मंडळीत येऊन त्याला तीन-चार वर्षं झालीत, स्त्रीपार्टी म्हणून नाव होऊ लागलंय, काळी चारमध्ये तार षड्ज सहज लागतोय. आणि एके दिवशी तालमीत तो सूर लागेनासा होतो. प्रोग्रामिंग सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्याचं म्हणणं असं, की वाचकाने आधीच्या पानांवर पहाटेचा रियाज एकदाही चुकवला नसेल, तर त्याला या संकटातून सूट मिळाली पाहिजे. "मेहनतीचं फळ दिसलं नाही, तर मुलं दुसऱ्यांदा खेळतील कशाला?" मी हटून बसले. गळा वयात येतो तो रियाजाची हजेरी तपासून येत नाही. पोरगा कितीही कष्टाळू असो, ते पान त्याच्या वाटेवर येणारच.

पुरावा म्हणून मी रामभाऊ कुंदगोळकरांचं नाव पुढे केलं. हेच पुढचे सवाई गंधर्व, भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल यांचे गुरू. लहानपणचा त्यांचा गोड गळा वयात येताना फुटला आणि वळेनासा झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मोजकेच राग त्यांच्याकडून वर्षानुवर्षं घोटून घेतले, आणि त्या न वळणाऱ्या गळ्यातून किराणा घराण्याची एक थोर गायकी उभी राहिली. पुढे गुरूंच्या मनाविरुद्ध ते नाटक मंडळीत गेले आणि तिथेही गाजले. या आयुष्यात फाटे किती! पण आवाज फुटणं हा त्यातला फाटा नव्हता. फाटा त्याच्यानंतर सुरू झाला.

भांडण मिटलं ते असं. हे पान सगळ्यांना येईल, पण त्या पानावर काय काय शक्य आहे, ते आधीच्या पानांवर ठरेल. तबलजीशी मैत्री केली असेल, तर एक वाट ठेक्याकडे जाते. मास्तरांकडून नोटेशन लिहायला शिकला असेल, तर एक वाट पदांच्या चाली लिहून ठेवण्याकडे जाते. घरी पत्रं पाठवत राहिला असेल, तर घरचं दार उघडं असतं. आणि नुसताच टाळ्या आणि वन्समोअर गोळा करत राहिला असेल, तर त्या पानावर त्याला दोनच पर्याय दिसतात. सहकारी तयार झाला. मेहनतीचं फळ त्याला मिळालं होतं, फक्त वेगळ्या ठिकाणी.

आता हे सगळं कशाबद्दल चाललंय ते सांगते. वाचकाने प्रत्येक वळणावर निवड करायची आणि त्याप्रमाणे पुढचं पान उघडायचं, अशी फाटे फुटणारी गोष्ट आम्ही काही जण मिळून रचत होतो. मोबाइलवर चालणारी, चित्रं आणि थोडे सूर असलेली, गायक-नट घडवण्याबद्दलची. या प्रकाराला जगात मोठी परंपरा आहे. अमेरिकेत 1979 पासून 'चूज युअर ओन ॲडव्हेंचर'ची पुस्तकं निघाली, त्यात मुलं पान नंबर शोधत पुढे जायची. जपानमध्ये 1991 मध्ये 'प्रिन्सेस मेकर' हा खेळ आला. त्यात एका मुलीला लहानाची मोठी करायची आणि तुमच्या निर्णयांप्रमाणे ती कोण होते ते पाहायचं. 2005 मध्ये नामको कंपनीने 'दि आयडॉलमास्टर' आणला. त्यात खेळणारा निर्माता असतो आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींना तालीम देऊन मंचावर उभं करतो. कोरियात हाच प्रकार प्रत्यक्षात घडतो. कंपन्या शाळकरी मुलांना करारावर घेतात, वसतिगृहात ठेवतात, वर्षानुवर्षं गाणं-नाचणं शिकवतात आणि मग त्यातल्या काहींनाच प्रकाशझोतात आणतात.

सुरुवातीला आमचाही विचार आजचीच गोष्ट सांगायचा होता. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, परीक्षक, एसएमएस. 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ने 2008-09 मध्ये घराघरांत जे केलं ते सगळ्यांच्या आठवणीत आहे, आणि त्यातली मुग्धा वैशंपायन तर आमच्याच रायगड जिल्ह्यातली, अलिबागची. पण लिहायला बसलं की गोष्ट स्पर्धेच्या निकालाकडे पळायची. शिकणं राहून जायचं. मग एका रात्री नट गणपतराव बोडसांचं 'माझी भूमिका' हे आत्मचरित्र वाचताना मला लख्ख दिसलं, की कोरियातल्या कंपन्या जे आज करतात, ते आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्ण जोमात चाललेलं होतं. लहान वयात घर सोडून आलेली मुलं, कंपनीचं बिऱ्हाड, एकत्र पंगत, ठरावीक वर्षांचे करार, पहाटे गळा, दुपारी तालीम, रात्री खेळ, गावोगावचे दौरे, आणि प्रेक्षकांचं वेड. स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व नेसतील तसं लुगडं नेसायची आणि माळतील तसा गजरा माळायची चाल घरंदाज बायकांत पडली होती. आज चाहते आपल्या आवडत्या ताऱ्याच्या केसांची नक्कल करतात, तेच हे.

बोडसांच्या पाठोपाठ गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग' आणि चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी' ही दोन्ही पुस्तकं टेबलावर आली ती आजतागायत तिथेच आहेत. नाटक मंडळीच्या आतली माणसं आतल्या गोष्टी सांगताहेत, यापेक्षा मोठा खजिना गोष्ट रचणाऱ्याला कुठून मिळणार?

एक गोष्ट आम्ही जपानी खेळांपेक्षा वेगळी करायची ठरवली. तिथे खेळणारा निर्माता किंवा पालक असतो. मुलीने आज गायचं की विश्रांती घ्यायची, हे तो ठरवतो. आमच्या गोष्टीत वाचक म्हणजे तो पोरगाच. मालक तो नाही, मास्तर तो नाही, बापही नाही. त्यामुळे जे त्याच्या हातात असेल तेवढंच वाचकाच्या हातात द्यायचं, आणि जे नसेल ते द्यायचं नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेवला होता. सगळी भांडणं या एका ओळीपाशी येऊन थांबायची.

कोरियातल्याच एका प्रकरणाने हा नियम आणखी पक्का केला. तिथल्या 'प्रोड्यूस एक्स 101' या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मतांवर मुलं निवडली जाणार होती. 2019 मध्ये उघडकीला आलं की मतांचे आकडे फिरवलेले होते, आणि पुढे निर्मात्याला तुरुंगात जावं लागलं. लाखो लोकांनी बटण दाबलं होतं आणि त्या बटणाला काही जोडलेलंच नव्हतं. फाटे फुटणारी गोष्ट लिहिणाऱ्याच्या हातून हे पाप फार सहज होतं. दोन पर्याय दाखवायचे आणि दोन्हींचं पुढचं पान एकच ठेवायचं. वाचकाला कळत नाही असं वाटतं, पण दुसऱ्यांदा खेळणाऱ्या मुलाला ते लगेच कळतं आणि त्याचा विश्वास उडतो.

नायक कुठला, हा प्रश्न एका सहकाऱ्याच्या घरामुळे सुटला. तिचं माहेर पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचं. आम्ही जमायचो तेही बहुतेक तिथेच, तिच्या घराच्या ओटीवर. पेणकडून येणारा माणूस गागोद्याला येतो तो विनोबांचं घर पाहायला. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे याच गावात जन्मले, आणि दहाएक वर्षांचे होईपर्यंत इथेच वाढले. मग वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला गेले. आमच्या नायकाला आम्ही त्याच वर्षी, त्याच गावात जन्माला घातलं. गोष्टीत विन्या येतो तो एका ओळीपुरता, शेजारच्या आळीतला मुलगा म्हणून. त्याला पात्र करायचा मोह झाला होता, पण त्याच्या तोंडी आपण रचलेली वाक्यं घालणं मनाला पटेना.

भावे घराण्यातली दुसरी एक व्यक्ती मात्र गोष्टीत मोठी जागा घेऊन बसली. विनोबांचे वडील नरहरराव. बडोद्याला नोकरी करणारा, रंगांची आणि कापडाची शास्त्रीय आवड असलेला हा गृहस्थ उतारवयात मुसलमान उस्तादांकडे बसून संगीत शिकला. पखवाजाचा बाज आणि ठुमऱ्यांचा संग्रह अशी पुस्तकं त्याने छापून घेतली. मंच नाही, टाळ्या नाहीत, पगार नाही. गागोद्याच्या एका घराने गाण्यासाठी काय केलं याचं हे खरंखुरं उदाहरण आमच्यासमोर होतं, आणि मंडळीत जाण्याच्या वाटेशेजारी दुसरी एक वाट असू शकते याचा भरवसा आम्हाला तिथून मिळाला. ती वाट लिहायला मात्र आम्हाला गावातल्या एका मुलीने लावलं. ते पुढे सांगते.

पहिला फाटा नकाशानेच दिला. 1905 च्या दिवाळीनंतर तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गागोद्याहून निघणारा मुलगा जाणार कसा? एक वाट पेणवरून धरमतरच्या खाडीला, तिथून बोटीने मुंबई. दुसरी वाट बैलगाडीने खोपोली, तिथून आगगाडीने कर्जत, मग बोरघाट चढून पुणे, आणि पुढे मिरज. या दोन वाटांना दोन वेगळ्या नाट्यसृष्टी मिळतात. मुंबईला पारशी-गुजराती थिएटरं, वायूचे दिवे, इंग्रजी पद्धतीचे पडदे. मिरजेच्या बाजूला किर्लोस्कर मंडळी, देवल मास्तर, आणि अजून फारसं कुणाला ठाऊक नसलेला नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा, म्हणजेच पुढचे बालगंधर्व. 1905 मध्ये मिरजेलाच नारायण शकुंतला म्हणून पहिल्यांदा किर्लोस्करांच्या रंगमंचावर उभा राहिला. आमच्या नायकाने खोपोलीची वाट धरली, तर नारायणाचा खेळ त्याला विंगेतून पाहायला मिळतो. धरमतरची वाट धरली, तर ते नाव त्याच्या कानावर फार उशिरा येतं. दोन्हीकडून पुढे जाता येतं, फक्त माणूस वेगळा घडतो.

नारायणाच्या बाबतीतली एक हकीकत आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. त्याला ऐकायला कमी येत होतं. एवढा गोड गळा, आणि मंडळीत घ्यायचं की नाही याचा घोळ त्या कानापायी. शाहू महाराजांनी लक्ष घातलं, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात उपचार झाले, आणि मग वाट मोकळी झाली. मराठी रंगभूमीचा पुढचा अर्धा इतिहास या एका उपचारावर उभा आहे. यात त्या पोराने काय निवडलं? काहीच नाही. कुणीतरी मोठ्याने त्याच्यासाठी शब्द टाकला. अशी पानं आमच्या गोष्टीतही आहेत. तिथे वाचकाला बटण मिळत नाही, फक्त वाट पाहावी लागते.

अशाच एका प्रसंगावरून आम्ही फार वेळ बोललो. 12 मार्च 1911 ला 'मानापमान' या संगीत नाटकाचा पहिला खेळ होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. ते मंचावर उभे राहिले. चित्रकार मित्राचं म्हणणं होतं की यासारखा प्रसंग नायकाला द्यावा: खेळ करशील की घरी जाशील? मला ते सहन होईना. हे ज्याच्यावर गुदरलं त्याने जे केलं ते केलं. दुःखाला दोन बटणं लावून बारा वर्षांच्या वाचकाच्या अंगठ्याखाली द्यायची नाहीत. तो प्रसंग गोष्टीत आहे, पण बातमी म्हणून. मंडळीतली मोठी माणसं हळू आवाजात बोलतात, नायक ऐकतो आणि पान उलटतं.

फाट्यांचं गणित निष्ठुर असतं. प्रत्येक वळणावर दोनच वाटा ठेवल्या आणि अशी दहा वळणं घेतली, तरी शेवट होतात 1,024, आणि लिहायची पानं होतात 2,047. त्यामुळे वाटा फुटू द्यायच्या आणि ठरावीक ठिकाणी पुन्हा एकत्र आणायच्या, हा या कलेतला जुना तोडगा. आम्ही अशा जागांना गाठी म्हणायचो. करारावर सही ही एक गाठ, आवाज फुटणं ही दुसरी, मंडळी फुटणं ही तिसरी. ही तिसरी गाठ आम्हाला इतिहासाने आयती दिली. 1913 मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्करांतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पाचच वर्षांनी, 1918 मध्ये, दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. एका बिऱ्हाडात एकाच पंगतीला जेवणारी माणसं एका रात्रीत दोन बाजूंना जातात. कुणाबरोबर जायचं? मास्तर एकीकडे, जिवलग मित्र दुसरीकडे. इथे मात्र निर्णय पूर्णपणे नायकाचा. इथे वाचकाला आम्ही सगळ्यात जास्त वाटा दिल्या.

लिखाणासाठी आम्ही ट्वाइन वापरलं. ख्रिस क्लिमस यांनी 2009 मध्ये हे साधन मोफत उपलब्ध करून दिलं, आणि प्रोग्रामिंग न येणारी माणसंही त्यात गोष्ट गुंफू शकतात. पडद्यावर चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दिसतात. सगळी गोष्ट शेवटी एकाच फाइलमध्ये मावते, ती ब्लूटूथवरून पाठवता येते आणि नेटवर्क नसतानाही चालते. गावात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून ही सोय आमच्यासाठी मोलाची होती.

पण देवनागरीने आमची परीक्षा पाहिली. मजकूर एकेक अक्षर टाइप होत असल्यासारखा उमटावा, अशी चित्रकाराची हौस. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत 'किर्लोस्कर' लिहू लागलं की आधी 'क' दिसतो, मग वेलांटी येते आणि 'क'ला ढकलते, रफार मागाहून उडी मारून वर बसतो, 'स' आधी पुरा दिसतो, मग पाय मोडतो, मग 'क'ला चिकटतो. प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांदेखत मोडून पुन्हा जुळतं. सहकाऱ्याने अक्षरगट ओळखणारी ब्राउझरची सोय वापरून पाहिली. काही फोनवर ती नीट चालली, जुन्या फोनवर जोडाक्षरं तरीही तुटली. शेवटी अक्षराअक्षराऐवजी शब्दाशब्दाने मजकूर उमटवायचं ठरलं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरं वाटलं. तालमीत मास्तरही शब्द शब्द म्हणून घेतात.

मराठीने त्याच वेळी एक देणगीही दिली. नायक मुलगा, पण मंचावर तो नायिका. रंगपटात आरशासमोर तो बसतो तेव्हा मजकूर म्हणतो, तू बसतोस. लुगड्याच्या निऱ्या झाल्या, केसांचा टोप चढला, नांदी संपली, आणि विंगेतून पाऊल टाकताना मजकूर म्हणतो, तू जातेस. खेळ संपेपर्यंत क्रियापदं स्त्रीलिंगी राहतात. पुण्याहून मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी या सगळ्या जागांवर लाल खुणा केल्या. आम्ही त्यांना कारण कळवलं, त्यांनी खुणा काढल्या आणि उलट दोन ठिकाणं दाखवली, जिथे आम्ही बदल करायला विसरलो होतो.

आता तालमीचं ते पान. गोष्टीत ते असं आहे:

मास्तरांनी भाता थांबवला. "पुन्हा." तू पुन्हा सुरू करतोस. मध्य सप्तक ठीक. वर चढताना घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, आणि सुराच्या जागी भलताच आवाज बाहेर पडतो. कोपऱ्यातला मुलगा हसतो. मास्तर हसत नाहीत. ते तुझ्याकडे बघत राहतात. आठ दिवसांवर खेळ आहे.

घसा बसलाय म्हणून सांगतोस.
सूर खाली घेऊन पद पुरं करतोस.
गप्प उभा राहतोस.

हे पान मुलांसमोर ठेवलं तेव्हा फोनचं काम अजून व्हायचं होतं. पुठ्ठ्याची कार्डं, त्यावर नंबर, ओटीवर मांडलेली. गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची मुलं जमली होती. बहुतेकांनी पटकन पहिलं कार्ड उचललं. घसा बसलाय असं सांगितलं की गोष्टीत काढा मिळतो, दोन दिवस विश्रांती मिळते आणि तिसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा येतं. दुसऱ्यांदा तेच कार्ड उचललं की मास्तर काही न बोलता त्याचं काम दुसऱ्या मुलाला देतात. हे वाचताना एक मुलगा एकदम म्हणाला, "त्यांना कललंच होतं पहिल्यांदा." आम्हाला हेच हवं होतं. मास्तरांना कळलंय, हे मजकुरात कुठेही लिहिलेलं नाही.

गप्प राहण्याची वाट लिहायला सगळ्यात अवघड गेली. मास्तर तालीम संपवतात, बाकीच्यांना पाठवतात, पेटीवर काळी चार सोडून पांढरी पाच धरतात, मग पुढेमागे करत शेवटी काळी एकवर येतात आणि म्हणतात, इथून म्हण. नायकाला तो खालचा सूर परका वाटतो. त्या एका पानात गोष्टीचा सगळा जीव आहे असं मला वाटतं.

हे पान आवाजासह करायचं होतं. स्टुडिओतला गायक बोलावून फुटलेला आवाज काढायला लावणं मला मंजूर नव्हतं. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या आजोबांनी एक मुलगा सुचवला. गेली काही वर्षं तोच अभंग सुरू करून द्यायचा. आता पोरं हसतात म्हणून त्याने भजनाला येणं बंद केलं होतं. आम्ही त्याच्या घरी गेलो. आईने ऐकून घेतलं, तो दाराआडून ऐकत होता. गोष्ट काय आहे ते सांगितलं, सवाई गंधर्वांचं सांगितलं. तो म्हणाला, "मग माझा आवाज पुढं कसा होईल?" आजोबांनी त्याला फसवलं नाही. म्हणाले, "ते आता कुनाला नाय सांगता येनार. तू गात ऱ्हा. पट्टी खाली धर." दुसऱ्या दिवशी तो ओटीवर आला आणि त्याने गायलं, सूर फुटला तिथे थांबला नाही, पुन्हा वर जायचा प्रयत्न केला. आम्ही तेच ठेवलं. काहीही दुरुस्त केलं नाही. त्याचं नाव कुठे द्यायचं नाही, ही त्याची अट होती आणि ती आम्ही पाळतो.

आता ती मुलगी. सातवी-आठवीतली असेल. पहिलंच कार्ड: मंडळीचा माणूस गावात आलाय, बापाशी बोलतोय, करार पुढे ठेवलाय. वाटा दोन, धरमतर किंवा खोपोली. तिने दोन्ही कार्डं उचललीच नाहीत. "आनि भात कोन कापनार?" आम्ही दिवाळीनंतर निघायचं ठरवलं होतं, म्हणजे कापणी झालेली असेल, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "झोडपायचं असतं. मग वालाचं असतं. आनि पुढच्या वर्षी?" पेण भागात भातानंतर त्याच शेतात वाल पेरतात. घरातला दहा वर्षांचा मुलगा म्हणजे गुरं राखणारे, पेंढा रचणारे दोन हात. मंडळी त्याला जेवण, कपडा आणि तालीम देणार, पण घरी काय येणार? ती विचारत होती तो प्रश्न त्या काळच्या कितीतरी बापांनी विचारला असेल.

त्या दिवशी तिसरी वाट तयार झाली: जात नाहीस. सुरुवातीला ती चार पानांत संपायची. मग आजोबांनी भजनाच्या रात्री सांगितल्या, गावच्या बायकांनी लग्नातले धवळे कसे म्हणतात ते दाखवलं, गणपतीतला बाल्या नाच, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब आले. बारीक तपशिलांची भर पडली: ताल धरणारे पाय, ढोलकीच्या पुडीला लावलेली शाई, टाळांची ओवलेली दोरी. विनोबांच्या आईला असंख्य भजनं तोंडपाठ होती आणि ती कामं करताना गात असे, हे विनोबांनीच सांगून ठेवलंय. आणि नरहररावांचं उदाहरण होतंच. आज ही वाट तिन्हींत लांब आहे. या वाटेवरही आवाज फुटतोच. फक्त तिथे तिकीटविक्री थांबत नाही, आणि करारही मोडत नाही.

शेवटची गाठ कोणती, यावर मात्र एकमत पटकन झालं. 8 जुलै 1921, मुंबईतलं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'. एका मंचावर भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक, दोन वेगळ्या गायक्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, अवघे एकतीस वर्षांचे. त्यामुळे त्या रात्रीला पुन्हा संधी नव्हती. आमचा नायक तेव्हा सव्वीस वर्षांचा असतो, आणि सगळ्या वाटा त्याला त्या रात्रीपाशी आणतात. प्रश्न एवढाच, की तो कुठे आहे. मंचावर लहानशा भूमिकेत, साथीला तबल्यावर, पदांची वही घेऊन विंगेत, दारावर तिकिटं फाडत, पिटात उभा, किंवा गागोद्याला, पेणहून आलेल्या वर्तमानपत्रात चार दिवसांनी वाचत. यातला कुठलाही शेवट आम्ही हरलास म्हणून लिहिलेला नाही. 'जिंकलास' हा शब्दही गोष्टीत नाही. प्रोग्रामिंगवाल्या सहकाऱ्याने शेवटी गुण दाखवणारा तक्ता स्वतःहून काढून टाकला, तेव्हा मला फार आनंद झाला.

कर्जाची एक वाट अजून कच्ची आहे. नायक स्वतः मंडळी काढतो त्या वाटेवर पडदे, पोशाख, पंगती आणि पगार यांचा हिशेब वाचकाला रोज करावा लागतो. बालगंधर्वांनी मंडळी कर्जात बुडाली तेव्हा नादारी न पत्करता ते देणं अंगावर घेतलं. असं करणारा माणूस कसा विचार करत असेल, हे पुस्तकं वाचूनही मला पुरतं लिहिता आलेलं नाही. ती पानं तिसऱ्यांदा लिहायला घेतली आहेत.

आणि कार्डांच्या त्या दिवशीच गटातल्या मुलींनी दुसरी मागणी पुढे केली होती: "मुलगी का नाय जात?" 1905 मध्ये मुलीला त्या मंडळीत जागा नव्हती, मंचावर बाईचं काम पुरुष करत. हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही, आणि ते व्हायलाही नको. ज्या वर्षी मिरजेत नारायण शकुंतला झाला, त्याच वर्षी त्याच मिरजेत हिराबाई बडोदेकर जन्मल्या. तिकीट लावून स्वतःची बैठक करणारी, आणि पुढे भावंडांसह मंडळी काढून स्त्रीची भूमिका स्त्री म्हणून मंचावर करणारी बाई. दुसऱ्या गोष्टीची नायिका 1905 मध्ये जन्मणारी असेल. तिच्यासाठी गाठी वेगळ्या बांधाव्या लागतील, कारण तिच्या वाटेवर आवाज फुटण्याचं पान नाही, पण मंडळीचं दारच पहिली कितीतरी वर्षं बंद आहे. बंद दारासमोर वाचकाला काय काय करता येईल, त्याची यादी आम्ही त्याच मुलींबरोबर ओटीवर बसून करतो आहोत. पहिल्या कार्डावर तानपुरा जुळवणारी आई आहे, आणि सातवी-आठवीतल्या त्या मुलीने त्याच्याखाली आत्ताच एक प्रश्न लिहून ठेवला आहे: घरात पानी कोन भरतं?